माशाला तीळ लावावेत की रवा?

गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून बिनकाट्याचा रावस आणला की आमच्याकडे वाद ठरलेला: वरून तीळ की रवा?

रव्याचं काम सोपं. हळद, तिखट, मीठ, आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळायचं, तुकडे रव्यात घोळवून तव्यावर सोडायचे. झालं.

तिळाचे नखरे फार. ओल्या माशाला ते नुसते धरत नाहीत, उलटताना निम्मे तव्यावरच राहतात. म्हणून तुकडा पुसून कोरडा करा, तांदळाच्या पिठात घोळवा, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवा आणि मग तीळ तळव्याने दाबून बसवा. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं तर आणखी बरं. तिळात जवळपास निम्मं तेलच असतं. आच मोठी झाली की मासा शिजायच्या आत ते करपतात, कडू लागतात. मध्यम आच, बेताचा पातळ तुकडा, एका बाजूला तीनेक मिनिटं. तीळ कच्चेच घ्या, भाजलेले लगेच जळतात.

बांगड्यासारख्या उग्र माशाला माझं मत रव्यालाच. तीळ रावसाला शोभतात, आणि बासा माशाला तर हवेतच. त्याला स्वतःची चव अशी... असो. डब्यात दोन्ही मऊ पडतात, तव्यावरून थेट ताटात वाढा.