माझ्या अंगठ्याला झेपलेलं पहिलं पिस्तूल

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात, वय एकसष्ट, आणि लोणच्याची नवी बरणी उघडायची तर अजून आमच्या ह्यांना हाक. एवढं आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या अंगठ्याभोवतीच फिरतं. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला यातलं निम्मं उगाच वाटेल.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, वस्ती संपते तिथे आमचं घर. ह्यांची नोकरी तेलाच्या प्लॅटफॉर्मवरची: चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या शेडचं कुलूप दोनदा तुटलं आणि नंतर एका रात्री कोणीतरी आमच्या मागच्या दाराची मूठ फिरवून पाहिली. कुत्र्याने घर डोक्यावर घेतलं म्हणून निभावलं. माहेरी साताऱ्याला मी पाहिलेली एकमेव बंदूक म्हणजे मामांची दुनळी, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. इथे टेक्सासात २०२१च्या सप्टेंबरपासून बहुतेक सज्ञान माणसांना पिस्तूल जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागत नाही. घ्यायला सोपं, म्हणून चुकायलाही सोपं.

पहिल्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जांभळ्या मुठीचं छोटं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. ‘बायकांसाठी बेस्ट, पर्समध्ये मावतं.’ दिसायला गोड होतं खरं. पण घेण्याआधी भाड्याने चालवून बघा, असं शेजारच्या आजींनी बजावलं होतं, आणि त्या आजी वयाच्या बाराव्या वर्षापासून रानडुकरं मारतायत. ऐकलं.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तशाच जातीचं रिव्हॉल्व्हर भाड्याने घेतलं. पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल जातीच्या गोळीचं, वजन जेमतेम पाऊण पौंड. पहिला बार काढला आणि तळहातावर कोणीतरी बत्ता हाणल्यासारखं झालं. शस्त्र हलकं तितका धक्का हाताला जास्त, हे न्यूटनने सांगितलेलं मला माहीत होतं, अंगठ्याला माहीत नव्हतं. शिवाय ट्रिगर इतका लांब आणि जड की तो पूर्ण ओढेपर्यंत नेम खाली घसरलेला. पाच गोळ्यांतली एक कागदाला लागली, तीही कडेला. पाच बार काढून मी ते खाली ठेवलं.

मग ग्लॉक १९. ज्याला विचारावं तो हेच सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही: नऊ मिलिमीटर, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी), हातात भरून येणारं. धक्काही बेताचा. पण स्लाइड! पिस्तुलात पहिली गोळी चढवायची तर वरचा पोलादी भाग पूर्ण मागे ओढून सोडावा लागतो. तीन वेळा ओढला, तीनदा अर्ध्यावर सुटला. दोष पिस्तुलाचा नाही, माझ्या चिमटीचा. शिकवणाऱ्या बाईंनी युक्ती दाखवली: पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी समोर लक्ष्याकडेच ठेवा, डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवरून टाकून घट्ट धरा, आणि स्लाइड ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. विळीवर नारळ खवताना जोर मनगटाचा नसतो, खांद्याचा असतो, तसंच हे. त्याने जमलं, पण पाचातून तीनदाच. रात्री अडीच वाजता घाबरलेल्या हाताने किती जमेल, याचा हिशोब मी तिथेच केला.

तिसरं, जे घेतलं ते: स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ९ शील्ड ईझी. स्लाइड एका ओढीत मागे आली. मला वाटलं आत काहीतरी तुटलं. यात घोडा, म्हणजे गोळीवर आघात करणारा हातोडा, आतल्या आत लपवलेला आहे, त्यामुळे स्लाइडची स्प्रिंग हलकी ठेवता आली, असं बाईंनी समजावलं. मॅगझिनच्या बाजूला एक बटण आहे; ते खाली दाबून धरलं की गोळ्या तीळ भरल्यासारख्या आत सरकतात, नखं मोडत नाहीत. गोळ्या आठच मावतात. मला पुरे. मुठीच्या मागे एक पट्टी आहे, ती तळव्याने नीट दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. वर अंगठ्याची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका, असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही मिळतात. मी असलेलं घेतलं. खटका दोन्ही बाजूंना आहे, म्हणून अंगठा फारच दुखत असेल त्या दिवशी डाव्या हाताने सरकवते.

पहिल्याच दिवशी एक पुंगळी, म्हणजे बार उडाल्यावर उरलेलं गोळीचं रिकामं कवच, बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकली. मनगट सैल सोडलं की असं होतं. हस्तांदोलन करताना धरतो तशी मूठ घट्ट धरल्यावर पुढच्या पन्नास गोळ्या सुरळीत गेल्या. आणखी एक: गळा बंद असलेलाच कपडा घालून जा. उडालेली पुंगळी तापलेली असते. माझी एक कुर्त्यात शिरली. त्या क्षणी नाचावंसं वाटतं, पण हातात भरलेलं पिस्तूल असतं. आधी ते नळी समोर ठेवून टेबलावर ठेवायचं, मग काय नाचायचं ते नाचा.

कागदपत्रांबद्दल, कारण आपल्या मंडळींत गैरसमज फार. दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला २१ पूर्ण हवीत. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, खोटं लिहिलं तर गुन्हा. ‘खरे खरेदीदार तुम्हीच का?’ हा प्रश्न गंमत म्हणून नाही; दुसऱ्यासाठी, त्याच्या पैशांनी आपल्या नावावर घेणं बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. माझा भाचा एच-वन-बीवर आहे, ‘मावशी, मीपण चार गोळ्या मारतो’ म्हणून गाडीत बसला होता. त्या व्हिसावर शिकारीच्या वैध परवान्यासारखी सूट नसेल तर बंदूक विकत सोडाच, रेंजवर भाड्याने हातात घेणंही अंगाशी येतं. उतरवला त्याला. दुकानदार खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासून घेतो; माझी तपासणी ‘डिलेड’, म्हणजे लांबलेली, दाखवली, दुसऱ्या दिवशी होकार आला. रेंजवर एकट्या नवख्याला पिस्तूल भाड्याने देत नव्हते, सोबत कोणीतरी हवं. कारण विचारलं तर बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘आत्महत्या.’ मी पुढे काही विचारलं नाही. पण घरी आल्यावर पिस्तूल कुठे ठेवायचं याचा विचार बदलला.

आधी वाटलं होतं, उशीजवळच्या खणात ठेवू. आता पलंगाला बोल्टने जखडलेली छोटी तिजोरी आहे, आकड्यांचे खटके अंधारात चाचपून दाबता येतात. सुट्टीत नातवंडं येतात तेव्हा पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या कुलपात. टेक्सासच्या कायद्याने सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आमच्या चार वर्षांच्या कार्ट्याने साखरेचा डबा कुठून कुठून शोधलाय हे मी पाहिलंय.

खर्च: पिस्तूल टॅक्ससकट पाचशे डॉलरच्या आतबाहेर, तिजोरी, कानांचे मफ आणि त्याखाली फोमचे बोळे (नुसते मफ बंदिस्त रेंजवर पुरत नाहीत), शिकवणी, सरावाच्या गोळ्या. हिशोब सातशेवर गेला. ज्यांना कपड्याखाली रोज बाळगायचंय त्यांना हे जाड आणि लांब वाटेल. त्यांनी दुसरं बघावं. जुनं घेणार असाल तर एक तपासा: १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या शील्ड ईझी नऊ मिलिमीटर पिस्तुलांच्या घोड्याबद्दल कंपनीने स्वतःच सूचना काढून दुरुस्ती देऊ केली होती. विकणाऱ्याकडून सीरियल नंबर घ्या आणि पैसे देण्याआधी तो कंपनीकडे पडताळा.

महिन्यातून दोन शनिवार जाते. सात यार्डांवरून आठपैकी सहा-सात गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसतात. आमचे हे या खेपेला घरी आले तेव्हा सोबत आले, त्यांनीही चालवून पाहिलं, आणि चारही वेळा डावीकडे मारलं. लोणच्याची बरणी मात्र अजून तेच उघडतात.