रविवारी कास नको, सागरेश्वरला जा

सप्टेंबर आला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात, रविवारी कासला येतोय म्हणून, आणि मी आता सरळ सांगते की रविवारी नका येऊ. साताऱ्याजवळचं हे फुलांचं पठार भारीच आहे, त्यात वादच नाही, साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जाती, २०१२ पासून जागतिक वारशात नाव. पण बहर असतो थोडेच आठवडे, त्यातले शनिवार-रविवार मोजकेच, आणि साताऱ्याकडनं येणारी सगळी गर्दी यवतेश्वरच्या घाटातनंच वर चढते. मग गाड्यांची रांग, हॉर्न, आणि पठारावर पोचल्यावर फुलांपेक्षा माणसंच जास्त. दिवसाला ३००० लोकांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग ठेवलंय ते योग्यच आहे, कारण सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावर माती असते थोडीशी, त्यात सीतेची आसवं नावाची फुलं वीतभरसुद्धा उंच नसतात, आणि लोक फोटोसाठी त्यातच बसतात. बी धरायच्या आधीच रोप तुडवलं तर पुढच्या वर्षी उगवणार कुठनं? बघून जीव तुटतो खरंच.

तर फुलंच बघायची असतील तर बुधवार-गुरुवारी सकाळी लवकर जा. आणि सुट्टी रविवारचीच असेल, डोंगर, झाडी, प्राणी बघायचेत, पोरांना मोकळं चालवायचंय, तर सागरेश्वर अभयारण्य.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव-पलूस-वाळवा तालुक्यांच्या सीमेवर, देवराष्ट्रे गावाजवळ (यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, हे पोरांना आवर्जून सांगा). क्षेत्र ११ चौरस किलोमीटरला थोडं कमी, म्हणजे लहानच. पण मला हे ठिकाण आवडतं ते वेगळ्याच कारणानं. हे जंगल माणसांनी उभं केलंय. उजाड डोंगर होता, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ला अभयारण्य झालं. आज तिथं चितळ, सांबर, काळवीट आहेत, मोर आहेत. आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या कडेला असं काही होऊ शकतं हे बघायलाच खरं तर जावं.

वर चढून गेलं की खाली कृष्णाकाठचा ऊस दिसतो, हिरवागार, लांबपर्यंत, पावसाळ्यानंतर तर बघतच बसावं. पायथ्याला जुन्या दगडी देवळांचा समूह आहे महादेवाचा, तिथं श्रावणी सोमवारी मात्र गर्दी असते, तेवढे दिवस टाळा.

अपेक्षा नीट ठेवा पण. कासचा गालिचा इथं नाही, वाघ-बिबट्याची सफारी नाही, आणि हरणं दिसतीलच असं कुणी सांगू शकत नाही, दुपारी उन्हात गेलात तर सावलीला बसलेली असतात. उन्हाळ्यात डोंगर तापतो. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा, आवाज कमी ठेवा, हरणांना बिस्किटं-वेफर्स अजिबात देऊ नका.

माझ्याकडनं ५ पैकी ४. एक कमी एवढ्यासाठी की खाण्यापिण्याचं सगळं सोबत न्यावं लागतं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर पाणी जरा जास्तच घ्या. कराडवरनं साधारण तासाभराचा रस्ता, रेल्वेनं येणाऱ्यांना ताकारी स्टेशन जवळ.