यूपीआय लाइट आठ महिने वापरल्यावर, आणि अडकलेले १,२४० रुपये
यूपीआय लाइटबद्दल, म्हणजे छोट्या रकमांसाठी अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवायच्या, पिन न लागणाऱ्या पैशांबद्दल, लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज बसलोय ते मात्र अडकलेल्या १,२४० रुपयांमुळे.

आईच्या औषधांचे पैसे मेडिकलमध्ये नेहमीच्या यूपीआयने दिले. खात्यातून गेल्याचा मेसेज लगेच आला, दुकानातला स्पीकर गप्प. अ‍ॅपमध्ये 'पेंडिंग'. दुकानदार रोजचा ओळखीचा, तरी मागे चार माणसं उभी असताना "दादा, अजून आले नाहीत" हे तीनदा ऐकावं लागलं. शेवटी रोख दिले. एकाच औषधांचे त्या दिवशी २,४८० गेले.

परत आले नवव्या दिवशी. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे: दुकानदाराला पोचले नाहीत तर पाच दिवसांत परत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. माझे ४०० झाले. शाखेतल्या बाई म्हणाल्या, "आले ना पैसे?" आले हो, पण उशिरा आले! माझा हप्ता एक दिवस चुकला तर बँक दंड सोडते का? १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) आणि तारखा लिहून तक्रार दिली, पोच घेतली. १९ दिवसांनी ४०० जमा झाले. आमच्या घरी त्यात आठवड्याचं दूध येतं.

आता लाइट. आपलेच पैसे बाजूला काढायचे, त्यावर व्याज नाही, मग कशाला, असं आधी वाटायचं. एका सकाळी बँकेचा सर्व्हर पडला आणि मत बदललं. दूध, कोथिंबीर, रिक्षा, सगळं पिन न टाकता गेलं, कारण पैसे देताना बँकेच्या सर्व्हरला विचारावंच लागत नाही. पासबुकात दहा-वीस रुपयांच्या ओळीही थांबल्या, फक्त पैसे भरल्याची नोंद येते. १२ एप्रिल २०२५ला झालं तसं यूपीआयच कोलमडलं तर मात्र लाइटवर विसंबू नका, तेही यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेमार्गेच जातं. फोन बदलण्याआधी शिल्लक खात्यात परत घ्या.

एका वेळची मर्यादा १,००० आहे, म्हणून मेडिकलचं बिल आता ६२०-६२० करून दोनदा स्कॅन करतो. स्पीकर दोनदा बोलला की मगच पिशवी उचलतो.