समर्थ, विकतची ईआरपी की घरचीच प्रणाली: विद्यापीठाच्या लेखा व आस्थापना विभागांसाठी निवड

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठाला लेखा आणि आस्थापना विभागांची जुनी संगणकप्रणाली बदलायची असेल, तर त्याच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अभियानाखाली दिल्ली विद्यापीठाने विकसित केलेली 'समर्थ' स्वीकारावी, निविदा काढून ओरॅकल, सॅप किंवा वर्कडे अशा एखाद्या कंपनीची तयार ईआरपी (लेखे, वेतन, खरेदी अशी संस्थेची सगळी कामे एकत्र सांभाळणारी संगणकप्रणाली) घ्यावी, किंवा संगणक विभागाने वर्षानुवर्षे रचत आणलेल्या घरच्या प्रणालीचीच डागडुजी करत राहावे. सादरीकरणात आलेख आणि रंगीत चौकटी सगळेच दाखवतात. तुलना करायची ती सेवापुस्तकाच्या पानावरून आणि देयकाच्या प्रवासावरून.

आस्थापनेची कसोटी म्हणून एकच प्रकरण तिन्ही ठिकाणी चालवून पाहावे. एका सहायक प्राध्यापकाची 'कॅस' (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे शिक्षकांची पदोन्नती योजना) खालील पदोन्नती दोन वर्षे उशिरा, पण मागील तारखेपासून मंजूर झाली आहे, असे समजू. आता वेतननिश्चिती बदलते, तिच्यामागून प्रत्येक वेतनवाढ बदलते, महागाई भत्त्याचा फरक प्रत्येक वाढीव दराने नव्याने काढावा लागतो, आणि नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतरची असेल तर अंशदायी निवृत्तिवेतनाची वर्गणीही बदलते. सहाव्या वेतन आयोगात वेतनवाढ सर्वांना १ जुलैला मिळे. सातव्यात १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखा झाल्या. घरच्या प्रणालीत जुलै महिना आज्ञावलीतच कोरलेला असेल, तर ती येथे अडखळते आणि थकबाकीचा तक्ता शेवटी एक्सेलमध्येच तयार होतो. विकतच्या ईआरपीला मागील तारखेचे हिशेब नवे नाहीत, मात्र आपले वेतननियम तिच्यात भरून घेण्याचे काम सल्लागार करतात आणि त्याचे बिल वेगळे येते. समर्थ मुळात विद्यापीठांसाठीच बांधलेली असल्याने संवर्ग, रजा आणि पदोन्नती यांची भाषा तिला परकी नाही. राज्याचे शासन निर्णय मात्र तिच्याकडून नेमके किती पाळले जातात, हे याच प्रकरणावरून तपासावे.

बिंदुनामावलीच्या, म्हणजे आरक्षणानुसार पदांच्या क्रमवार नोंदवहीच्या, बाबतीत घरची प्रणाली बहुधा जिंकते. मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची ही नोंदवही कोणत्या रकान्यांत आणि कोणत्या क्रमाने लागते, हे आस्थापनेतल्या लिपिकाला पाठ असते आणि त्याने ते प्रोग्रॅमरला शेजारी बसवून सांगितलेले असते. खासगी कंपन्यांचे व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या ईआरपीत असे काही आयते मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. पण तो लिपिक आणि तो प्रोग्रॅमर पाच वर्षांच्या अंतराने निवृत्त झाले की हा विजय संपतो, आणि घरच्या प्रणालीचा खरा धोका तोच आहे.

किमतीच्या तक्त्यात हटकून सुटणारी गोष्ट म्हणजे सेवार्थ. अनुदानित पदांचे वेतन शासनाच्या सेवार्थ प्रणालीतूनच निघते आणि तीनपैकी काहीही निवडले तरी निघत राहणार. म्हणजे नव्या प्रणालीतला वेतनाचा भाग प्रत्यक्षात विनाअनुदानित, कंत्राटी, तासिका तत्त्वावरील आणि प्रकल्पांवरील कर्मचाऱ्यांपुरताच उपयोगी पडतो. शंभर टक्के कर्मचारीसंख्येवर परवानाशुल्क मोजणाऱ्या कंपनीला हा मुद्दा निविदापूर्व बैठकीतच विचारावा. शिवाय एकाच कर्मचाऱ्याची नोंद दोन ठिकाणी राहणार असल्यामुळे दरमहा ताळमेळ कोण घालणार, हे कार्यालयीन आदेशाने ठरवून टाकावे लागेल.

लेख्यांच्या बाजूला मात्र विकतची ईआरपी सरस आहे, हे मान्य करायला हवे. सर्वसाधारण निधी, विकास निधी, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आणि संशोधन प्रकल्प यांचे हिशेब वेगळे ठेवणे, आणि खरेदी आदेश निघताक्षणी तरतुदीतून तेवढी रक्कम राखून ठेवणे, ही तिची जुनी कामे आहेत. लेखापरीक्षणात वर्षानुवर्षे निघणारा आक्षेप असतो परीक्षा केंद्रांना दिलेल्या अग्रिमांचा, म्हणजे खर्चासाठी आगाऊ दिलेल्या रकमांचा. मागचे समायोजन झाल्याशिवाय पुढचे अग्रिम देयक पुढे सरकूच नये, एवढा एक अडसर नीट बसला तरी लेखा विभागाचा मोठा ताप कमी होईल. तो समर्थमध्ये किंवा घरच्या प्रणालीत बसवता येणार नाही असे नाही. पण करून दाखवल्याशिवाय होकार देऊ नये. मुंबई विद्यापीठाने प्रवेशपूर्व नोंदणीसाठी समर्थ वापरली, हा दाखला येथे चालणार नाही, कारण प्रवेशाची गर्दी पेलणे आणि निधीनिहाय ताळेबंद जुळवणे ही दोन निराळी कामे आहेत.

खर्चाबाबत समर्थला परवानाशुल्क नाही, घरच्या प्रणालीचा खर्च पगारात लपलेला असतो, आणि विकतच्या ईआरपीची वर्गणी दरवर्षी येत राहते. मोठ्या विद्यापीठसमूहांचे काय झाले, हे अमेरिकेत पाहता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या परिसरांच्या वेगवेगळ्या वेतनप्रणाली एकत्र आणण्यासाठी 'यूसीपाथ' हाती घेतली, तेव्हा ३० कोटी ६० लाख डॉलरचा अंदाज होता. २०१७ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी तो किमान ५० कोटी ४० लाखांवर गेल्याचे नोंदवले. विस्कॉन्सिन विद्यापीठाने २००६ मध्ये सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून एक प्रकल्प गुंडाळला, २०११ मध्ये आणलेल्या पुढच्या प्रणालीच्या सुरुवातीच्या काळात आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनापोटी सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर जादा भरले गेले, आणि २०२५ मध्ये तेथे वर्कडे आली. ही उत्पादने नामांकितच होती. प्रत्येक परिसराची वेगळी पद्धत आणि न जुळणाऱ्या नोंदी मात्र कोणत्याही उत्पादनाबरोबर आपोआप सुटत नाहीत.

म्हणून गोंडवाना किंवा सोलापूरसारख्या तुलनेने नव्या विद्यापीठाने दोन्ही विभागांसाठी समर्थ घ्यावी. एवढ्या पसाऱ्यासाठी विकतची ईआरपी म्हणजे हौस ठरेल. शेकडो संलग्न महाविद्यालये आणि मोठा स्वतःचा निधी असलेल्या मुंबई किंवा पुण्यासारख्या विद्यापीठाने आस्थापना समर्थवर न्यावी आणि लेख्यांसाठी स्वतंत्र निविदा काढावी. करारात संपूर्ण विदा (डेटा) वाचता येईल अशा स्वरूपात, मागू तेव्हा आणि विनाशुल्क परत मिळण्याची अट हवीच. घरची प्रणाली बिंदुनामावलीपुरती जिवंत ठेवायला हरकत नाही, पण तिची आज्ञावली आणि तिचे टिपण विद्यापीठाच्या ताब्यात असावे.

लेखे १ एप्रिलपासून नव्या प्रणालीत सुरू करावेत, म्हणजे वर्षाचा हिशेब दोन ठिकाणी फाटत नाही. वेतन मात्र त्याच दिवशी हलवू नये. मार्चअखेरची देयके आणि उन्हाळी परीक्षांची अग्रिमे यांतून लेखा विभाग मोकळा झाल्यावर, जुलैची वेतनवाढ लागलेली वेतनदेयके सलग तीन महिने जुन्या आणि नव्या प्रणालीत शेजारी शेजारी काढावीत, आणि प्रत्येक फरकाचे कारण लेखी सापडेपर्यंत जुनी प्रणाली बंद करू नये.