डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: काही महिने रोज वापरल्यानंतर

नवा पंप घेताना सगळी चौकशी मोटरची होते. लेव्हल किती, आवाज किती, डिस्प्ले आहे का. काही महिने रोज वापरल्यावर मोटरबद्दल सांगण्यासारखं फारसं उरत नाही. दूध किती निघणार हे ठरवतात दोन किरकोळ वाटणारे भाग: छातीला लागणारा फनेल, म्हणजे फ्लॅंज, आणि त्याच्याखाली बसणारा बोटाच्या पेराएवढा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह. पंप "चालत नाही" म्हणून परत करणाऱ्या बऱ्याच जणींचं गणित या दोनांतच बिघडलेलं असतं.

पंप कुठल्या जातीचा, ते आधी. दोन्ही बाजू एकदम चालणारा, चार्जिंगवरचा, क्लोज्ड सिस्टिमचा. क्लोज्ड म्हणजे मध्ये एक पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, असतो, त्यामुळे दूध ट्यूबमध्ये किंवा मोटरमध्ये चढत नाही. बाळ एरवी अंगावर पितं आणि कामाच्या वेळात तीनदा पंप, असा वापर. पूर्णपणे पंपावरच अवलंबून असाल तर भाग लवकर झिजतील, बाकी सगळं तेच.

फ्लॅंजपासून सुरुवात करू. डब्यात बहुतेक वेळा 24 आणि 28 मिमीचे येतात. हा आकडा फनेलच्या नळीच्या आतल्या व्यासाचा. बऱ्याच जणींना 24 मोठाच होतो, आणि डब्यात तोच आहे म्हणून तोच लावला जातो. माप घ्यायचं ते स्तनाग्राच्या बुडाशी, आडवं, मिलिमीटरमध्ये. भोवतालचा काळसर भाग मापात धरायचा नाही. पंप करण्याआधी मोजा, कारण नंतर थोडी सूज असते आणि आकडा फुगतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, त्या सारख्या असतीलच असं नाही. आलेला आकडा किंवा त्यात 2-3 मिमी मिळवून येणारा साइझ, इथून सुरुवात करावी.

साइझ बरोबर आहे का हे पंप चालू असताना दिसतं. स्तनाग्र नळीत मोकळं पुढेमागे व्हायला हवं, आणि काळसर भाग जवळपास बाहेरच राहायला हवा. तो बराचसा आत ओढला जात असेल, पंप काढल्यावर गोल लाल वळ उठत असेल, तर फ्लॅंज मोठा. अशा वेळी छातीत दूध राहून जातं आणि दुखतंही. स्तनाग्र कडेला घासत असेल, टोक पांढरं पडत असेल, तर लहान. मोठा होत असेल तर नवीन फ्लॅंज घ्यायची गरज नसते; 24 च्या आत बसणारे 17, 19, 21 मिमीचे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात. मात्र इन्सर्ट आणि फ्लॅंज यांच्या फटीत दूध साचतं, म्हणून धुताना ते वेगळे करायलाच हवेत. आणि पहिल्या काही आठवड्यांत माप बदलतं, तेव्हा एकदा पुन्हा मोजून बघा.

लावताना फ्लॅंज छातीवर दाबून धरायची सवय लागते, ती मोडा. जोरात दाबलं की खालच्या दुधाच्या नलिका चेपतात. हवा गळणार नाही इतपत टेकवायचा, आणि किंचित पुढे झुकून बसायचं.

आता बटणं. पंपावर दोन प्रकारची लय असते: जलद आणि उथळ, मग संथ आणि खोल. पहिली पान्हा फुटण्यासाठी, दुसरी दूध काढण्यासाठी. जलद लयीवर एक-दोन मिनिटांत थेंबांच्या जागी बारीक धारा दिसू लागतात. तेव्हा संथ लयीवर या. काही मिनिटांनी धारा थांबून पुन्हा थेंब पडायला लागले म्हणजे दूध संपलं असं नाही. परत जलद लय लावली की बहुधा दुसरा पान्हा येतो. पंपाचं "ऑटो" बटण ठरलेल्या मिनिटांनी लय बदलतं, त्याला तुमच्या पान्ह्याचा पत्ता नसतो. हाताने बदललेलं बरं. एकूण 15 ते 20 मिनिटं पुरतात. शेवटच्या मिनिटांत पंप चालू ठेवून छाती वरून आणि बाजूंनी हलक्या हाताने दाबली तर उरलेलं, जास्त साय असलेलं दूध निघतं. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पंपिंग ब्रा नसेल तर हे जमत नाही, म्हणून ती ब्रा चैनीची वस्तू समजू नका.

ओढ किती ठेवायची? हळूहळू वाढवा, जराशी नकोशी वाटली की एक पायरी खाली या. तीच तुमची लेव्हल. जास्त ओढ म्हणजे जास्त दूध, हा समज सर्वांत महागात पडतो. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर चालतो आणि दुखणं, ताण यांनी तो अडतो. दात आवळून नवव्या लेव्हलवर बसलेल्या बाईला पाचव्या लेव्हलवर जास्त दूध मिळू शकतं.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र हा पंप कपाटात राहू दे. तेव्हा येणारा चीक घट्ट आणि थोडा असतो. काही मिलिलिटर चीक फ्लॅंजला, व्हॉल्व्हला चिकटूनच वाया जातो. हाताने चमच्यात काढलेला जास्त हाती लागतो.

किती निघालं पाहिजे याची धास्ती सगळ्यांनाच असते. फ्रीझर भरून पिशव्या रचलेले फोटो पाहून तर जास्तच. अंगावर पाजून झाल्यावर पंप केला तर दोन्ही बाजू मिळून 15 ते 60 मिलि ठीक आहे. एका फीडऐवजी केला तर साधारण 60 ते 120. एक ते सहा महिन्यांचं फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसाला ढोबळमानाने 700 ते 800 मिलि पितं, म्हणजे तासाला साधारण 30. आठ तास बाहेर राहणार असाल तर 240 च्या आसपास घरी हवं, लिटरभर नको. पंपाचा आकडा म्हणजे छातीत तयार होणारं एकूण दूधही नव्हे. नीट तोंड लावणारं बाळ पंपापेक्षा चांगलं काढतं.

व्हॉल्व्हकडे वळू, कारण खरी गंमत इथे आहे. या पंपात डकबिल प्रकारचा आहे, म्हणजे चोचीसारखा. चोचीचे दोन ओठ मिटले की ओढ तयार होते, उघडले की दूध बाटलीत पडतं. दर मिनिटाला कित्येकदा हे होतं, आणि एक दिवस ओठ पूर्ण मिटेनासे होतात. हे अचानक कळत नाही. आठवडाभर दूध थोडं थोडं कमी येतं, लेव्हल वाढवावी लागते. बाई समजते दूध आटलं, घरात काळजी सुरू होते, आणि दोष असतो त्या रबराच्या तुकड्याचा. व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून बघा. न दाबता चिरेतून उजेड दिसला तर तो गेला.

एकाच बाजूची ओढ कमी झाली असेल तर दोन बाजूंचे व्हॉल्व्ह अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसरीकडे गेला तर व्हॉल्व्ह बदला. आहे तिथेच राहिला तर डायफ्राम नीट बसला आहे का, त्याला बारीक चीर नाही ना, आणि ट्यूबचं तोंड सैल झालं नाही ना, ते पाहा. ओढ दोन्हीकडे सारखी असूनही एका बाजूला दूध कमीच येत असेल तर तो शरीराचा स्वभाव आहे, पंपाचा दोष नव्हे. दिवसातून तीन-चारदा वापर असेल तर व्हॉल्व्ह एक-दोन महिन्यांनी आणि डायफ्राम तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो. लवकर जातो तो बहुतेक ब्रशमुळे. चिरेत ब्रश किंवा नख घालू नका; साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळून, वाहत्या पाण्याखाली धरला की पुरे.

धुणं हा या यंत्राचा सर्वांत कंटाळवाणा भाग. दुधाला लागलेले सगळे भाग दर वेळी सुटे करून आधी साध्या पाण्याने, मग वेगळ्या टोपात साबणाने. सिंकमध्ये थेट ठेवायचे नाहीत. कपड्याने न पुसता हवेवर वाळवायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल तर रोज एकदा 5 मिनिटं उकळायचे. पंपाचे भाग न धुता फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी तसेच वापरायची युक्ती सर्रास सांगितली जाते. अशा बाळांसाठी ती नकोच. ट्यूब धुवायची नसते. आत वाफेचे थेंब दिसले तर पंप संपल्यावर फक्त ट्यूब जोडून काही मिनिटं चालवा. काळे ठिपके दिसले तर टाकून द्या, बुरशी धुऊन जात नाही.

साठवणीचे आकडे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे: 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, फ्रीझरमध्ये 6 महिन्यांपर्यंत उत्तम आणि 12 पर्यंत चालतं. फ्रीझरमधून काढून वितळलेलं 24 तास फ्रिजमध्ये, परत गोठवायचं नाही. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांत संपवायचं. पिशव्या 60 मिलिच्या करा आणि आडव्या ठेवा. लवकर वितळतात आणि वाया कमी जातं. मायक्रोवेव्ह नको, दूध एका जागी उकळतं आणि शेजारी गार राहतं. वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास आला तर ते नासलं असेलच असं नाही. लायपेज या एन्झाइममुळे तसं होतं आणि ते सुरक्षित असतं. बाळ नाकारत असेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळी येऊ न देता लगेच गार करा.

तक्रारी? बॅटरी उतरत आली की ओढ मंदावते, आणि हे डिस्प्लेवर दिसत नाही. महत्त्वाच्या वेळी तार लावूनच चालवा. आवाज फोनवर बोलताना समोरच्याला ऐकू जातो. ब्रामध्ये बसणारे बिनतारी पंप सोयीचे आहेत, पण वाकलं की सांडतात आणि फ्लॅंज कुठे बसलाय ते नीट दिसत नाही. पहिला पंप म्हणून तसला नको.

छाती दगडासारखी झाली, गाठ आली, लाली आली की "पूर्ण रिकामी करा" म्हणून तासभर पंप लावला जातो. याने उलट होतं. जितकं काढाल तितकं शरीर आणखी बनवतं, सूज वाढते. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनच्या 2022 च्या सूचनांतही जोरदार मालिश आणि जादा पंपिंग टाळायला सांगितलं आहे. नेहमीइतकंच पाजा, बर्फाने शेका, आराम वाटेपुरतंच काढा. ताप 24 तासांत उतरला नाही किंवा लाली पसरत गेली तर डॉक्टर.

बाळ अंगावर नीट पीत असेल आणि दिवसभर जवळच राहणार असाल तर हा पंप घ्यायची गरज नाही, हाताने दूध काढायला शिकून घ्या. कामावर परतायचं असेल तर घ्या, आणि त्याच ऑर्डरमध्ये दोन जादा व्हॉल्व्ह, एक डायफ्रामची जोडी आणि आपल्या मापाचे इन्सर्ट मागवा. त्या कंपनीचे सुटे भाग वेगळे मिळत नसतील तर दुसरा पंप बघा.