पेन जमा करून घेणारे शिबिर : इगतपुरीचे दहा दिवस

गेली दोन वर्षे माझे लेखन अडलेले होते. अडलेले म्हणजे बंद नव्हे. सदर चालू होते, कुणाच्या प्रस्तावना लिहून देणे चालू होते, परंतु ज्या दीर्घकथेसाठी एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी लागोपाठ दोन पावसाळे शब्द दिला होता, ती चौदाव्या पानावर येऊन थांबली होती आणि रोज सकाळी ती उघडून, पहिल्या परिच्छेदातले एखादे विशेषण बदलून, मी पुन्हा मिटून ठेवीत असे. उपाय म्हणून आधी समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमधले लेखकांसाठीचे दोन दिवसांचे शिबिर करून पाहिले. नाव लिहीत नाही. तिथे भरपूर शुल्क घेऊन आम्हांला डोळे मिटून ‘माझ्यातून शब्दांचा झरा वाहतो आहे’ असे म्हणायला लावले, दुपारी सोलकढी फार चांगली होती, आणि परत आल्यावर मी आणखी एक विशेषण बदलले.

त्यानंतर जुलै महिन्यात मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. त्याचेच हे परीक्षण आहे. पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी की हे शिबिर लेखकांसाठी नाही. ते कुणा एका व्यवसायासाठी नाहीच. प्रवेशापूर्वी वाचायला मिळणाऱ्या नियमावलीत हा बौद्धिक करमणुकीचा प्रकार नाही आणि विश्रांतीची सुट्टीही नाही असे स्वच्छ म्हटलेले आहे. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही साधना घेतली, १९६९ मध्ये ते भारतात आले, आणि धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरे होत आहेत. गोएंका २०१३ मध्ये गेले. तरी सूचना आणि प्रवचने आजही त्यांच्याच आवाजात ऐकवली जातात, आणि समोर बसलेले सहायक आचार्य शंकानिरसन करतात.

कसाऱ्याला घाट चढताना मागून ढकलणारे बँकर इंजिन गाडीला लागले आणि घाटात सगळे धुके आत शिरले, तेव्हाच मला पोटात गोळा आला होता. केंद्रावर पोहोचल्यावर मोबाइल, पाकीट, पुस्तके आणि लेखनसाहित्य जमा करून घेतात. मोबाइल मी निमूटपणे दिला. पेन देताना मात्र हात आखडला, कारण लेखनाची वाट मोकळी व्हावी म्हणून गेलेल्या बाईचे पहिल्याच तासात पेन काढून घ्यावे हा विनोद मला त्या वेळी पचला नाही. नियमामागचे कारण साधे आहे: साधकाने टिपणे काढण्यात गुंतू नये, जे करायचे ते करून पाहावे. त्यासोबतच जपमाळ, मंत्र, नामस्मरण असे आपापले उपासनेचे प्रकारही त्या दहा दिवसांपुरते बाजूला ठेवावे लागतात. आमच्या घरी वारी आहे, तेव्हा याची कल्पना घरी आधी दिलेली बरी. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “गप्प बसायला इगतपुरीपर्यंत कशाला जायला हवं गं?”

दिनक्रम असा आहे. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते, अकरा वाजता जेवण मिळते आणि नव्या साधकांना संध्याकाळी पाच वाजता चहाबरोबर फळ किंवा कुरमुऱ्यांसारखे काहीतरी हलके खायला मिळते. रात्रीचे जेवण नाही. साडेनऊला दिवे मालवतात. दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक होते. आर्य मौन दहाव्या दिवशी सकाळी सुटते, तोवर बोलणे तर नाहीच, पण खुणा आणि नजरानजरही नाही. स्त्रिया आणि पुरुष यांची व्यवस्था पूर्ण वेगळी असते. जेवण साधे, सात्त्विक आणि गरम होते, आणि त्याविषयी इतके पुरे.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. त्याला आनापान म्हणतात. नंतर विपश्यना सुरू होते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर मन नेऊन तिथे जी संवेदना असेल ती नुसती जाणायची, तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. त्यातच अधिष्ठानाच्या बैठका असतात: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात आणि पाय हलवायचे नाहीत. माझी खरी परीक्षा इथे झाली, आणि ती गुडघ्याची नसून उपमांची होती. उजवा गुडघा दुखू लागला की मी ताबडतोब त्या दुखण्याला शब्द शोधू लागे. सुतळीने आवळल्यासारखे. नाही, आत कुणी फणी फिरवीत असल्यासारखे. नाही, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे. एक उपमा पसंत पडून मी तिच्यावर खूश होईपर्यंत गुडघ्यातले दुखणे जागा बदलून पोटरीत गेलेले असे, आणि मी मात्र गुडघ्याच्या वाक्यावरच रेंगाळत बसलेली असे. घरी टेबलाशी दोन वर्षे मी नेमके हेच करीत होते, हे तिथे बसल्या बसल्या लक्षात आले आणि मला मौनातच हसू आले.

संध्याकाळचे प्रवचन सव्वा तासाचे असते. दिवसभर एक शब्दही न वाचलेल्या माणसाला ते मेजवानीसारखे वाटते, शिवाय गोएंका हे अव्वल दर्जाचे गोष्टी सांगणारे होते हे कुणाही लेखकाने मान्य करावे. मारवाडी वळणाच्या हिंदीतून ते एक गोष्ट सांगतात. जन्मांध मुलाला त्याचा मित्र सांगतो की आज खीर मिळाली. खीर कशी असते? पांढरी. पांढरी म्हणजे कशी? बगळ्यासारखी. आणि बगळा कसा असतो, हे कळावे म्हणून मित्र आपला हात कोपरात आणि मनगटात वाकवून बगळ्याचा आकार करतो. आंधळा मुलगा हात चाचपून म्हणतो, अच्छा, खीर वाकडी असते तर. गोष्ट साधनेच्या अनुभवाविषयी आहे, पण मला ती थेट माझ्या चौदा पानांवर केलेली टीका वाटली. खीर चाखण्याआधी मी वाचकाला बगळे पुरवीत होते.

सहाव्या दिवशी पहाटेच्या बैठकीत कथेचा शेवट सुचला. एकच वाक्य, संपूर्ण, स्वल्पविरामासकट. पेन लॉकरमध्ये. मग पुढचे दोन दिवस मी ध्यान केलेच नाही. वाक्य हरवू नये म्हणून ते पाठ म्हणत बसले, आंघोळीच्या गरम पाण्याच्या रांगेत, जेवणाचे ताट विसळताना, पावसात पागोड्याकडे जाताना. शेवटी दुपारच्या भेटीच्या वेळी सहायक आचार्यांना सांगितले. त्यांनी कौतुक केले नाही की दटावलेही नाही. “आलं आहे तर येऊ द्या, जातं आहे तर जाऊ द्या. काम करत राहा,” एवढेच म्हणाल्या. रागाच्या भरात मी ते वाक्य खरोखरच सोडून दिले, आणि त्यानंतरचा तास त्या दहा दिवसांतला सर्वांत शांत तास होता. अकराव्या दिवशी सकाळी पेन परत मिळाले तेव्हा शाई निबवर वाळली होती. नळाखाली निब धरून मी ती वाहती केली आणि फलाटावर बसून आठवेल तसे वाक्य तिकिटाच्या मागे लिहिले. वाक्य सामान्य होते. थोडे भडकच होते. दोन दिवस ज्याच्यावर पहारा दिला ते हे, असे वाटून वाईट वाटायला हवे होते, पण वाटले नाही.

लेखनासाठी म्हणून काय मिळाले, याचे उत्तर मी सावधपणे देईन. शब्द आपोआप वाहू लागतात असे काही झाले नाही आणि ज्यांना तसे आश्वासन हवे आहे त्यांनी समुद्रकाठी जावे, तिथे सोलकढी तरी मिळेल. मिळाली ती बसण्याची ताकद. कोऱ्या पानासमोर जी अस्वस्थता छातीत दाटते, ती उठून चहा ठेवण्याचा आदेश नसून एक संवेदना आहे आणि थोड्या वेळाने ती बदलते, हे आता मला ऐकीव नसून अंगाने ठाऊक आहे. अध्यात्मातला धीर म्हणतात तो मला याहून वेगळ्या रूपात तिथे भेटला नाही, आणि हा मला पुरतो. शिबिरात सांगतात तसे रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसणे मात्र मला जमत नाही. सकाळचा तास होतो, संध्याकाळचा कुकरच्या शिट्ट्यांमध्ये जातो, आणि खाडा पडला की त्याचा परिणाम आठवडाभरात लिखाणात दिसतो.

ज्यांना जायचे आहे त्यांनी अर्ज करताना प्रकृतीविषयीचे, विशेषतः मानसिक आजार किंवा औषधोपचार यांविषयीचे प्रश्न खरेपणाने भरावेत; दहा दिवस स्वतःसोबत बंद होणे प्रत्येकाला, प्रत्येक काळात झेपेलच असे नाही, आणि नुकताच मोठा आघात झालेल्या माणसाला मी स्वतः तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवणार नाही. मध्येच सोडून जाणार नाही ही तयारी हवी. शुल्क नाही, राहणे आणि जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालते, आणि दान केवळ शिबिर पूर्ण केलेल्यांकडून घेतले जाते, तेही ऐपतीप्रमाणे. पावसाळ्यात जाणार असाल तर कपड्यांचे दोन जोड जास्त घ्या, कारण इगतपुरीत त्या दिवसांत काहीही वाळत नाही. आणि दिवाळी अंकाची मुदत डोक्यावर असताना जाऊ नका. माझी कथा या वर्षीही वेळेत गेली नाही.

ती सध्या नऊ पानांची आहे. पहिला परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी ‘छान’ असे म्हटले नाही, शेंगा सोलता सोलता विचारले, “बरं, मग पुढं?”