मेटल थ्रीडी प्रिंटर आणि अणुऊर्जेचं काम: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या शॉपमध्ये लेझर पावडर बेड मशीन, म्हणजे धातूच्या पावडरचे पातळ थर लेझरने वितळवत भाग छापणारा प्रिंटर, येऊन बरेच महिने झाले. काम मुख्यतः ३१६एल स्टेनलेस स्टीलचं, अणुवीज प्रकल्पांसाठी व्हॉल्व्हच्या आतल्या भागांचे आणि गाळण्यांचे चाचणी नमुने. मशीन घ्यावं का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीनवर मी खूश आहे. पावडरचे कण १५ ते ४५ मायक्रॉनचे, थर ४० मायक्रॉनचा, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला अडीचशे थर. जिथे टूल पोचत नाही आणि कास्टिंगला कोअर (आतली पोकळी ठेवणारा साचा) बसवता येत नाही, अशा आतल्या वळणदार वाटा नीट उतरतात. गाळण्यांमध्ये तर याला तोड नाही. पाण्यासोबत आलेला तारेचा बारीक तुकडा इंधनाच्या नळ्यांमध्ये अडकला की घासून घासून नळीला भोक पाडतो. ते टाळण्यासाठी वेस्टिंगहाउस या अणुभट्टी कंपनीने छापलेल्या गाळण्या २०२२ मध्ये फिनलंडच्या ओल्किलुओटो-२ आणि स्वीडनच्या ऑस्करशाम-३ या अणुभट्ट्यांमध्ये बसल्या.

खरी मेहनत पावडरची. स्टीलमध्ये निकेलसोबत थोडा कोबाल्ट येतोच. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून त्याचा कोबाल्ट-६० होतो, अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षं, आणि शटडाउनमध्ये दुरुस्तीला उतरणाऱ्या माणसांना त्याचे गॅमा किरण सोसावे लागतात. म्हणून पावडरचा लॉट घेतानाच कोबाल्टचा आकडा तपासतो. याच कारणाने दातांच्या कॅपसाठी कोबाल्ट-क्रोम छापण्याचं काम आम्ही या मशीनवर घेत नाही. पैसे चांगले मिळतात, पण चेंबरच्या सांदीकोपऱ्यात राहिलेली भुकटी पुढच्या जॉबमध्ये जाणार.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. वापरलेली पावडर चाळून परत घालता येते, पण दर फेरीला ऑक्सिजन थोडा वाढतो. टेन्साइलचे (ताण सोसण्याचे) आकडे छान येत राहतात आणि इम्पॅक्ट टफनेस, म्हणजे धक्का सोसायची ताकद, मात्र उतरते. त्यामुळे जॉब जिच्यावर छापतात त्या प्रत्येक प्लेटवर उभे आणि आडवे, दोन्ही दिशांचे टेस्ट पीस छापा आणि शार्पी टेस्ट (हातोड्याच्या एका फटक्याने तुकडा तोडून पाहायची चाचणी) करूनच घ्या.

प्लेटवरून जॉब कापण्याआधी स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण काढणं) हवंच, नाहीतर वायरकटवर, म्हणजे तारेने कापणाऱ्या मशीनवर, तो वाकतो. आतली सूक्ष्म छिद्रं दाबायला हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग (तापवून सगळ्या बाजूंनी वायूचा दाब देणं) आम्ही बाहेरून करून घेतो. डिलिव्हरीचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. खाली तोंड असलेले पृष्ठभाग खरखरीत येतात, सीटिंग फेसला (व्हॉल्व्ह घट्ट बसतो त्या पृष्ठभागाला) मशिनिंगसाठी जादा धातू ठेवा.

फ्लँज, शाफ्ट, बुश यांसाठी हे मशीन घेऊ नका. फोर्जिंग स्वस्त आहे आणि त्याचा कोड (नियमावली) सगळ्यांना पाठ आहे. पण जुन्या प्रकल्पांच्या सुट्या भागांसाठी जरूर घ्या. स्लोव्हेनियातल्या क्रश्को अणुवीज प्रकल्पात एका पंपाचा मूळ उत्पादक उरला नव्हता, तेव्हा सीमेन्सने जुना इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) स्कॅन करून १०८ मिलिमीटरचा नवा छापला, आणि २०१७ मध्ये तो अग्निशमन पंपात बसला. आपलं तारापूर १९६९ पासून वीज देतंय. तिथल्या पहिल्या दोन युनिटांच्या वयाच्या यंत्रांना असे भाग लागणारच, आणि ते इथे बनावेत असं मला मनापासून वाटतं.

किंमत काढताना मशीनसोबत आर्गॉन वायू, वेगळं चाळणी स्टेशन आणि कागदपत्रं सांभाळणारा एक पूर्णवेळ माणूस धरा. तपासणीला आलेले साहेब जॉब हातात घेण्याआधी पावडरचा लॉट, तिच्या वापराच्या फेऱ्या आणि बिल्डचा लॉग (छपाईची नोंद) मागतात.